सांडलेलं रक्त परत देताना

ऑपरेशन टेबलाच्या शेजारी सक्शनची पारदर्शक बाटली असते. जखमेत साचणारं रक्त, जखम धुण्यासाठी ओतलेलं सलाइन, ऊतींचे बारीक कण असं सगळं नळीतून त्या बाटलीत ओढलं जातं. भूलतज्ज्ञांची नजर वरचेवर तिच्यावरच्या आकड्यांकडे जाते, कारण रक्त किती गेलं याचा पहिला अंदाज तिथूनच येतो. पाचशे, आठशे, बाराशे मिलिलिटर. ऑपरेशन संपलं की त्यात जंतुनाशक घालून सगळं ओतून देतात. नेमक्या त्याच वेळी थिएटरबाहेर रुग्णाचा भाऊ नाहीतर जावई रक्तपेढीचा फॉर्म हातात घेऊन ‘दोन बाटल्या मिळतील का’ असं विचारत हिंडत असतो. मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि रक्तदान शिबिरं थंडावलेली असताना, त्याची वणवण आणखी वाढते.

आतलं रक्त फेकायचं आणि बाहेर रक्त शोधत फिरायचं, हे कुणालाही खटकेल. ज्याचं रक्त त्यालाच परत द्यावं, ही कल्पना म्हणूनच फार सरळ वाटते. गट जुळवायला नको, एचआयव्ही-काविळीची भीती नको, दाता शोधायला नको. या कल्पनेला दोनशे वर्षं झाली आणि आज जगातल्या मोठ्या रुग्णालयांत ती रोज वापरली जाते. मात्र ‘आपलंच रक्त आहे, त्यात धोका कसला’ हा जो निश्चिंतपणा तिच्यामागून येतो, तो मला मान्य नाही. रक्त कुणाचं, हा सुरक्षिततेचा फक्त एक भाग झाला. ते शरीराबाहेर किती वेळ राहिलं, कशात मिसळलं, किती धुतलं गेलं आणि पिशवीवर कुणाचं नाव लागलं, यावर बाकीचं सगळं ठरतं. डॉक्टरांना हे एकदम कळलं नाही. त्यासाठी काही रुग्णांचे जीव गेले.

लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ मध्ये माणसाचं रक्त माणसाला देऊन पाहिलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावानं डोळ्यांदेखत मरणाऱ्या बायका पाहून ते अस्वस्थ झाले होते. कुत्र्यांवर प्रयोग करताना, बाहेर आलेलं रक्त त्याच प्राण्याला परत देता येतं, हेही त्यांनी ताडलं होतं. माणसाच्या बाबतीत हे धाडस १८८५ च्या सुमाराला एडिंबरामध्ये जॉन डंकन यांनी केलं. पाय चिरडलेल्या एका जखमीचा पाय कापावा लागत होता. जखमेतून वाहणारं रक्त त्यांनी भांड्यात धरलं, ते गोठू नये म्हणून त्यात सोडियम फॉस्फेट मिसळलं आणि मांडीच्या शिरेतून त्याच माणसाला परत दिलं. तो जगला.

त्या काळात परक्याचं रक्त म्हणजे निव्वळ सोडत होती. एखाद्याला मानवायचं, एखादा थरथरत, ताप चढून, काळी लघवी होऊन मरायचा, आणि असं का होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले ते १९०१ मध्ये. त्यानंतरही अनेक वर्षं गट तपासण्याची सोय सर्वत्र नव्हती. १९१४ मध्ये योहानेस थीस या जर्मन डॉक्टरांनी गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्त साचलेल्या तीन बायकांना त्यांच्याच पोटातलं रक्त परत दिलं, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा भरवशाचा मार्गही फारसा नव्हता. मग सायट्रेट मिसळून रक्त न गोठू देता साठवता येऊ लागलं, १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्तपेढी उभी केली, आणि शीतकपाटात रक्त मिळतंय म्हटल्यावर सांडलेल्या रक्ताकडे पाहायची गरज कुणाला वाटेनाशी झाली.

ती पुन्हा वाटली व्हिएतनामच्या युद्धात. अमेरिकी हवाई दलाचे सर्जन जेराल्ड क्लेबनॉफ यांच्यासमोर धडाधड रक्त जाणारे जखमी येत होते आणि रक्ताचा साठा पुरत नव्हता. हृदयशस्त्रक्रियेत वापरतात तसा फिरत्या रोलरचा पंप घेऊन त्यांनी एक यंत्र जुळवलं: जखमेतलं रक्त ओढायचं, गाळायचं आणि लगेच शिरेत ढकलायचं. १९७० च्या आसपास ते बाजारातही आलं. त्यानं माणसं वाचवली आणि काही मारलीही. टाकीतलं रक्त संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पंप फिरतच राहायचा आणि रक्ताऐवजी हवा शिरेत ढकलायचा. हृदयाच्या उजव्या कप्प्यात हवेचा फुगा अडकला की रक्ताभिसरण थांबतं. शिवाय त्या यंत्रात रक्त धुतलं जात नव्हतं. जखमेत जे मिसळलं असेल ते सगळं रुग्णाच्या शरीरात जात होतं. ते यंत्र मागे पडलं.

आज जे यंत्र थिएटरमध्ये ‘सेल सेव्हर’ म्हणून ओळखलं जातं, त्याचा उगम मात्र वेगळ्याच जागी आहे. हार्वर्डचे एडविन कोन यांनी रक्ताचे घटक वेगळे करायला जे यंत्र बनवलं, त्याची कल्पना दुधातून साय काढणाऱ्या डेअरीच्या यंत्रावरून घेतलेली होती. त्याच परंपरेत जॅक लेथम या अभियंत्यानं प्लॅस्टिकचा, एकदा वापरून टाकून द्यायचा, गरगर फिरणारा बाऊल तयार केला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर हा बाऊल थिएटरमध्ये आला आणि सांडलेलं रक्त फक्त गाळून नाही, तर धुऊन परत देता येऊ लागलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. ते समजायचं, तर शरीराबाहेर आलेल्या रक्ताचं काय होतं ते आधी पाहावं लागेल.

रक्तवाहिनीच्या गुळगुळीत अस्तराच्या आत असेपर्यंत रक्त शांत वाहतं. तिथून जखमेत उतरलं की त्याला उघड्या ऊतींचा आणि हवेचा स्पर्श होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लेटलेट चिकटू लागतात, पांढऱ्या पेशी चिथावल्या जातात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. हाडाचं ऑपरेशन असेल तर मज्जेतली चरबी मिसळते. सक्शनच्या नळीतून हवेबरोबर घुसळत जाताना तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं हिमोग्लोबिन व पोटॅशियम बाहेर पडतं. मोकळं हिमोग्लोबिन पकडून ठेवायला शरीरात हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, पण त्याची क्षमता ठरावीक असते. ती संपली की हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून झिरपू लागतं, लघवी लाल होते, मूत्रपिंडाला इजा होते. गोठण्याची चालू झालेली साखळी तशीच शिरेत सोडली, तर शरीरभर बारीक गुठळ्या होऊन गोठायला लागणारे घटकच संपून जातात आणि मग रुग्णाला जागोजागी रक्तस्राव सुरू होतो. हे सगळं घडवणारं रक्त त्याचं स्वतःचंच असतं.

म्हणून सुरुवात नळीच्या टोकापासून करावी लागते. सेल सेव्हरच्या सक्शनला दोन पोकळ्यांची नळी असते. एकीतून रक्त यंत्राकडे येतं, दुसरीतून थेंबथेंब हेपरिनचं किंवा सायट्रेटचं द्रावण टोकाशी पोचतं, म्हणजे रक्त नळीत शिरतानाच त्यात गोठणं थांबवणारं औषध मिसळतं. हेपरिन वापरायचं तर एक लिटर सलाइनमध्ये ३०,००० युनिट हे नेहमीचं प्रमाण. ओढ बेताची ठेवायची, साधारण १५० मिलिमीटर पाऱ्याच्या आत. टोक रक्ताच्या डबक्यात बुडवून ठेवायचं, पृष्ठभागावरून हवेसकट सुरसुर ओढायचं नाही. इतकी साधी गोष्ट, पण किती पेशी धड परत मिळणार ते इथेच ठरतं. यंत्र कितीही महाग असलं, तरी सक्शन धरणारा सहायक घाईत असेल तर अर्ध्या पेशी यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच फुटलेल्या असतात.

टाकीत गाळणीतून आलेलं रक्त पुरेसं साठलं की ते बाऊलमध्ये जातं. मोठ्यांसाठीचा बाऊल बहुधा २२५ मिलिलिटरचा असतो आणि मिनिटाला पाच हजारांहून अधिक फेरे घेतो. तांबड्या पेशी सर्वांत जड, त्या कडेला जाऊन दाबून बसतात. हलका प्लाझ्मा, हेपरिन, मोकळं हिमोग्लोबिन, फुटलेल्या पेशींची टरफलं वरच्या वाटेनं सांडून टाकाऊ पिशवीत जातात. मग बाऊल फिरत असतानाच त्यात सलाइन सोडतात, प्रत्येक खेपेला साधारण एक लिटर, हाडाच्या ऑपरेशनात दीड लिटरपर्यंत. टाकाऊ नळीतून बाहेर येणारं पाणी आधी लालभडक असतं, मग गुलाबी, मग स्वच्छ. ते स्वच्छ होईपर्यंत धुणं थांबवायचं नाही. शेवटी पिशवीत जमतात त्या सलाइनमध्ये तरंगणाऱ्या दाट तांबड्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्तात पेशींचा वाटा साधारण ४० ते ४५ टक्के असतो, या पिशवीत तो ५० ते ६० टक्के भरतो.

या पेशींचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. रक्तपेढीतल्या पिशवीत, योग्य द्रावणात आणि थंडीत, तांबड्या पेशी ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात. पण हिमोग्लोबिनला ऊतींपाशी प्राणवायू सोडायला मदत करणारं २,३-डीपीजी नावाचं रसायन साठवणीच्या पहिल्या दोन आठवड्यांतच जवळजवळ संपतं. ते शरीरात गेल्यावर पुन्हा तयार होतं, पण त्याला वेळ लागतो. काही मिनिटांपूर्वी शरीरातच असलेल्या, धुतलेल्या पेशींमध्ये ते शाबूत असतं. या पेशी आत गेल्या की लगेच कामाला लागतात.

पण हे पूर्ण रक्त नव्हे, हे विसरून चालत नाही. धुताना वाईटाबरोबर चांगलंही वाहून गेलेलं असतं. या पिशवीत प्लाझ्मा नाही, प्लेटलेट नाहीत, गोठवणारे घटक नाहीत. दोन-तीन पिशव्यांपर्यंत त्याचं काही बिघडत नाही. परंतु महाधमनी फुटलेल्या माणसाला अशा दहा पिशव्या दिल्या आणि जोडीला ताजा गोठवलेला प्लाझ्मा नि प्लेटलेट दिल्या नाहीत, तर हिमोग्लोबिनचा आकडा चांगला दिसत असताना त्याचं रक्त गोठणंच बंद होतं. अशा वेळी रक्तपेढी लागतेच.

आता चुकांबद्दल. या तंत्रात जे अपघात झाले, ते बहुतेक यंत्राच्या आतल्या भागात झाले नाहीत, यंत्राच्या शेजारी उभ्या माणसांच्या हातून झाले. धुतलेलं रक्त ज्या पिशवीत येतं, तिच्यात यंत्रातली हवाही आलेली असते. रुग्णाचा रक्तदाब कोसळतोय म्हणून कुणी त्या पिशवीला दाबाचा पट्टा बांधला, तर रक्त संपताच हवा वेगानं शिरेत जाते. न्यूयॉर्क राज्यात १९९० च्या दशकात अशा मृत्यूंची नोंद झाली, क्लेबनॉफ यांच्या पंपाचा धडा जुना होऊन वीस वर्षं उलटल्यावर. त्या पिशवीला दाब द्यायचा नाही, हा नियम यंत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. दुसरी चूक द्रवाची. सलाइनची पिशवी आणि निर्जंतुक पाण्याची पिशवी लांबून सारखीच दिसतात. पाण्यानं धुतलं तर पाणी पेशींत शिरून त्या फुगतात आणि फुटतात, आणि रुग्णाला जातं ते फुटलेल्या पेशींचं लाल पाणी. हायड्रोजन पेरॉक्साइड, पोव्हिडोन आयोडीन, हाडाचं सिमेंट, जखमेवर लावायचे रक्त गोठवणारे पदार्थ, यांपैकी काहीही वापरलं जात असेल तेव्हा सेल सेव्हरची नळी बाजूला ठेवून साध्या सक्शननं ओढायचं, आणि जखम भरपूर सलाइननं धुऊन झाल्यावरच पुन्हा ती नळी लावायची.

तिसरी चूक नावाची. रक्त रुग्णाच्याच खोलीत, त्याच्याच टेबलाशेजारी तयार झालं, मग चिठ्ठी कशाला, असं वाटतं. पण रुग्ण थिएटरमधून रिकव्हरीत जातो, तिथून आयसीयूत जातो, पिशवी त्याच्या मागून जाते, आणि वाटेत दुसऱ्या कुणाच्या स्टँडवर तीच पिशवी लटकू शकते. त्या क्षणी ते दुसऱ्यासाठी गट न जुळवलेलं परकं रक्त होतं. नाव, नोंदणी क्रमांक, रक्त गोळा करायला सुरुवात केल्याची वेळ आणि वापराची मुदत पिशवीवर तिथल्या तिथे लिहायला हवी. मुदत लहान असते: धुतलेलं रक्त खोलीच्या तापमानाला चार तासांपर्यंतच वापरायचं. त्यात जंतुनाशक काही नसतं, आणि थिएटरमधल्या हवेतून, त्वचेवरून चार जंतू त्यात आलेले असतातच. ते वाढायच्या आत पिशवी रुग्णाला गेली पाहिजे, नाहीतर कचऱ्यात.

आतडं फाटलेलं असेल तर? जुनं उत्तर सरळ नकाराचं होतं, कारण विष्ठेतले जंतू धुण्यानं कमी होतात, संपत नाहीत. पण पोटात गोळी किंवा सुरा लागून आलेल्या माणसाचं निम्मं रक्त सांडलेलं असतं आणि रक्तपेढीत त्याच्या गटाचं रक्त नसतं, तेव्हा नियमाची परीक्षा होते. जोहान्सबर्गच्या सर्जननी अशा ४४ रुग्णांवर चाचणी केली आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचं रक्त धुऊन परत दिलं, त्यांना दात्याच्या रक्ताच्या पिशव्या सरासरीनं ११ ऐवजी साडेसहाच्या आसपास लागल्या, आणि जंतुसंसर्ग किंवा मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. रुग्णसंख्या लहान आहे, त्यामुळे यावरून सरसकट परवानगी काढता येणार नाही. रक्ताअभावी समोरचा मरणारच असेल, तर प्रतिजैविकांच्या आधारानं हा धोका पत्करण्यात अर्थ आहे, इतकं मात्र म्हणता येतं.

कॅन्सरच्या बाबतीत भीती जास्त खोलवर आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. गाठ काढताना सांडलेल्या रक्तात कॅन्सरच्या पेशी असतात, १९७५ मध्येच तशी नोंद झाली. त्या आपल्याच हातानं रुग्णाच्या शिरेत सोडायच्या, ही कल्पना सर्जनला नकोशी वाटते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. गाठ हाताळताना तिच्या पेशी तशाही रुग्णाच्या रक्तप्रवाहात जात असतात, आणि त्यातल्या फारच थोड्या कुठे रुजू शकतात. दुसरी गोष्ट म्हणजे, पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी लावली तर कॅन्सरपेशींचं प्रमाण खूप घटतं. जर्मनीत एर्निल हान्सेन यांनी याहून पक्का उपाय काढला: धुतलेल्या पिशवीला ५० ग्रे इतका किरणोत्सार द्यायचा. कॅन्सरपेशीला वाढायचं तर केंद्रकातला डीएनए धड हवा, तो किरणांनी तुटतो. तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, त्यामुळे तिचं काम चालू राहतं. ज्या रुग्णांचं रक्त असं परत दिलं, त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढल्याचं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००८ मध्ये प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनांत हे तंत्र वापरायला मान्यता दिली. गाठ फोडून तिच्यातलं थेट ओढायचं नाही आणि रुग्णाला आधी सगळं समजावून सांगायचं, एवढी पथ्यं तरीही पाळायची. एक सावधगिरी त्या गाळणीचीही: तिच्यातून रक्त देताना क्वचित रक्तदाब एकाएकी घसरतो. तेव्हा गाळणी काढून टाकायची.

सिझेरियनमध्ये भीती गर्भजलाची होती. ते आईच्या रक्तात गेलं तर श्वास आणि हृदय बंद पडू शकतं, म्हणून वर्षानुवर्षं प्रसूतीत सेल सेव्हर वर्ज्य मानला गेला. धुण्यानं आणि गाळणीनं गर्भजलातले घटक जवळपास निघून जातात, हे दिसल्यावर ‘नाइस’नं २००५ मध्ये सावध होकार दिला. मग ब्रिटनमधल्या २६ प्रसूतिगृहांत ३,०२८ बायकांवर ‘साल्व्हो’ नावाची चाचणी झाली. २०१७ मध्ये निकाल आला. दात्याचं रक्त घ्यावं लागलेल्यांचं प्रमाण सेल सेव्हर असलेल्या गटात २.५ टक्के, नसलेल्या गटात ३.५ टक्के. हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. गर्भजलामुळे कुणी दगावल्याचंही आढळलं नाही. पण एक वेगळाच धोका समोर आला. धुण्यानं गर्भजल जातं, बाळाच्या तांबड्या पेशी जात नाहीत. यंत्राला आईच्या आणि बाळाच्या पेशीतला फरक कळत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर त्या पेशींविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा आईला रक्त परत दिल्यावर किती पेशी मिसळल्या ते तपासून ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनचा पुरेसा डोस द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये तो किमान १,५०० युनिट ठरला आहे.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, जो युरोपातल्या पुस्तकांत एका ओळीत संपतो: रुग्णाला सिकलसेल आहे का? विदर्भात, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आणि त्याचे वाहक मोठ्या संख्येनं आहेत. यंत्राच्या टाकीत प्राणवायू कमी झाला की या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अडकतात, फुटतात. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाचं रक्त धुऊन परत द्यायचं ठरवण्याआधी सिकलिंगची साधी चाचणी झालीच पाहिजे.

आणि आपल्याकडेच असाही एक गट आहे, ज्याच्यासाठी स्वतःचं रक्त ही जवळजवळ एकमेव ठेव असते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्याच रक्तगटाची नोंद केली, तो पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगभर ओळखला गेला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्याला चालत नाही, कारण ‘ओ’च्या पेशींवर असलेल्या ‘एच’ घटकाविरुद्ध त्याच्या रक्तात प्रतिपिंडं असतात. अशा माणसाचं ठरवून ऑपरेशन करायचं असेल, तर आधी त्याचं स्वतःचं रक्त काढून ठेवणं आणि ऑपरेशनच्या वेळी सेल सेव्हर तयार असणं, दोन्ही करायला हवं. इथे खर्चाचा हिशेब मांडू नये.

इतरांसाठी मात्र आधी रक्त काढून ठेवण्याची पद्धत आता जवळजवळ मोडीत निघाली आहे. एड्सच्या भीतीनं ती १९८० च्या दशकात अमेरिकेत फार फोफावली होती. टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांना १९८३ च्या हृदयशस्त्रक्रियेतल्या रक्तातून एचआयव्ही झाला, १९९३ मध्ये ते गेले. अशा बातम्यांनी लोक हादरले होते. पण आधी काढलेल्या पिशव्यांपैकी निम्म्याच्या आसपास वापरल्याच जात नसत, फेकून द्याव्या लागत. रुग्ण ऑपरेशनला येतानाच रक्त कमी झालेला असे, त्यामुळे त्याला रक्त लागण्याची शक्यता उलट वाढे. आणि शीतकपाटात पिशव्या बदलण्याचा धोका होताच. दरम्यान दात्यांच्या रक्ताच्या तपासण्या सुधारल्या. भारतात १९८९ पासून एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली.

सेल सेव्हरही सगळीकडे लागत नाही. २०१० मध्ये ७५ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा दात्याचं रक्त घ्यावं लागणाऱ्यांचं प्रमाण त्यानं ३८ टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं. हाडांच्या ऑपरेशनांत फायदा जास्त, हृदयाच्या कमी. पण त्यानंतर ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे जपानच्या ओकामोतो दांपत्यानं शोधलेलं स्वस्त औषध सर्रास वापरात आलं. गुडघा बदलताना आता रक्त इतकं कमी जातं, की परत देण्यासारखं फारसं उरतच नाही. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञ संघटनेचा २०१८ चा सल्ला व्यवहार्य आहे: अर्धा लिटरहून जास्त रक्त जाईल असं वाटलं तर फक्त गोळा करायची टाकी लावून ठेवा, पुरेसं जमलं तरच महागडा बाऊल उघडा.

महागडा बाऊल जिथे कधीच पोचणार नाही, अशा ठिकाणांबद्दल लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. ग्रामीण रुग्णालयात गर्भनलिका फुटलेली बाई येते. पोटात दीड-दोन लिटर रक्त, नाडी लागत नाही, रक्तपेढी साठ किलोमीटरवर. तिच्या पोटातलं रक्त बहुधा न गोठलेलं असतं, कारण पोटाच्या अस्तराशी राहून त्यातलं फायब्रिनोजन आधीच संपलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकांतही दिलेली पद्धत अशी: निर्जंतुक वाटीनं किंवा डावानं रक्त हळूच उपसायचं, निर्जंतुक गॉजच्या अनेक पदरांतून गाळायचं, आणि रक्तदानाच्या पिशवीत भरायचं. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ४९ मिलिलिटर गोठणरोधक द्रावण असतंच, म्हणून तिच्यात ३५० मिलिलिटरच रक्त भरायचं. मग गाळणी असलेल्या रक्ताच्या सेटमधून तिला परत द्यायचं. अटी कडक आहेत. रक्तस्राव चोवीस तासांच्या आतला हवा, आतड्याला इजा नको, रक्ताला वास नको, त्याचा रंग विटलेला नको. हे रक्त धुतलेलं नसतं, म्हणून जीव तरायला लागेल तेवढंच द्यायचं आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवायचं. थीस यांनी १९१४ मध्ये केलं, ते याहून फार वेगळं नव्हतं. तरीही ही पद्धत माहीत नसल्यानं किंवा करायची भीती वाटल्यानं ते रक्त सक्शनच्या बाटलीत जातं आणि बाई रुग्णवाहिकेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक जिल्ह्यातल्या शल्यचिकित्सकांना आणि परिचारिकांना हे हातानं करून दाखवायला हवं.

ज्यांचं ऑपरेशन ठरवून व्हायचं आहे, त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भपिशवीच्या गाठीसाठी ऑपरेशनला येणारी बाई महिनोन्‌महिने जास्त अंगावरून गेल्यामुळे आठ-नऊ ग्रॅम हिमोग्लोबिनवरच टेबलावर येते. यंत्र नव्या पेशी तयार करत नाही. जितक्या सांडल्या त्यांतल्या काही परत देतं, आणि तिच्या एक लिटर रक्तात मुळातच कमी पेशी असतात. तारीख पाच-सहा आठवड्यांनंतरची असेल, तर हिमोग्लोबिन आणि लोहाची तपासणी आजच करून घ्यावी, गोळ्या सुरू कराव्यात, गोळ्या पोटाला सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह द्यायला डॉक्टरांना सांगावं. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करताना रक्ताबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच असू दे, आणि सेल सेव्हरचा दुसरा.